पाकिटाच्या घडीतलं पान

काणीचं, म्हणजे पिकावर काळी पूड धरणाऱ्या बुरशीचं, पाकीट उघडण्याआधी मी पंखा बंद करते. बीजाणूंची काळी पूड इतकी हलकी असते की एका नमुन्यातली दुसऱ्यात जायला एक झुळूक पुरते, आणि मग दोन्ही नमुने बिघडले.

वाळवलेल्या बुरशींच्या जुन्या नमुन्यांची नोंद संगणकावर चढवणं हे माझं काम. त्या दिवशी हातात आली चाबूक काणी. खोडव्यात उसाच्या शेंड्यातून निघणारा काळा, वळलेला चाबूक ज्यानं पाहिलाय तो ती विसरत नाही. लेबलवर फिकट शाईत ‘उस्टिलागो सॅकारी’, एका गावाचं नाव आणि १९२४ च्या आधीची तारीख. नाव जुनं, पण लिहिणाऱ्याची चूक नव्हे. उसावरच्या या काणीला बुरशीतज्ज्ञ सिडो यांनी १९२४ मध्ये वेगळं नाव दिलं, आणि २००२ पासून ती ‘स्पोरिसोरियम सायटॅमिनियम’ झाली. अशा वेळी जुनं लेबल काढायचं नसतं, खाली नवी चिठ्ठी जोडायची.

अडचण यजमान वनस्पतीची, म्हणजे बुरशी ज्या झाडावर वाढली त्याची होती. लेबलवर तिथं फक्त ‘सॅकॅरम’. म्हणजे ऊस, की नदीकाठी भाद्रपदात पांढरा फुलणारा कांस? दोघंही त्याच वंशातले आणि चाबूक दोघांवरही येतो. बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजले तरी त्यातून बुरशी कळते, झाड नाही.

‘‘मॅडम, ऊसच लिहू ना?’’ शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीनं विचारलं.

मी थांबवलं. उसात कांसाचं रक्त आहे. कोइमतूरला दोघांच्या संकरातून को २०५ हा वाण निघाला, पुढचे कितीतरी वाण त्याच वाटेनं आले. कांसावर काणी कुठं, कधी होती, हे प्रतिकारक्षम वाण शोधणाऱ्याला हवं असतं. एका शब्दानं ती माहिती कायमची पुसली गेली असती.

कागद पूर्ण उलगडला तेव्हा आतल्या घडीत चिकटलेली पानाची एक काडी दिसली. जेमतेम चार मिलिमीटर रुंद, जवळजवळ सगळी मधली शीरच. उसाच्या पानाची फाटलेली पट्टी असेल, ही शंका होतीच. भिंगाखाली धरली, तर दोन्ही कडांना करवतीसारखे दाते शाबूत. पान फाटलेलं नव्हतं, मुळातच तेवढं अरुंद होतं. कांस! विद्यार्थिनीनं भिंग माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं.

पान छोट्या बटरपेपरच्या पुडीत घालून त्याच पाकिटात ठेवलं. नोंदीत कांस लिहिलं आणि ते कशावरून ठरवलं, तेही.

मग मला गेल्या महिन्यातली तीन पाकिटं आठवली. त्यांच्यावरही नुसतं ‘सॅकॅरम’ होतं आणि मी बेधडक ‘ऊस’ लिहून मोकळी झाले होते. संध्याकाळी ती पुन्हा काढली. दोनांत रुंद पानाचे तुकडे निघाले, ऊसच. तिसऱ्यात नुसता चाबूक. तिथला माझा ‘ऊस’ मी खोडला आणि लेबलवर होतं तेवढंच ठेवलं.