मोझार्ट न आवडणाऱ्या माणसाचा मोझार्ट

टोरांटोचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने मोझार्टचे सगळे पियानो सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या अनेक भागांच्या रचना, 1965 ते 1974 या काळात रेकॉर्ड केले. त्याच काळात, 1968 मध्ये, त्याने अमेरिकी टीव्हीवर एक कार्यक्रम केला, आणि त्याचं नाव काय, तर 'मोझार्ट वाईट संगीतकार कसा झाला'! मोझार्ट पस्तिसाव्या वर्षी गेला म्हणून सगळं जग हळहळतं. गूल्डचं म्हणणं असं, की तो लवकर नाही, जरा उशिराच गेला.

एवढा डोक्यात जात होता तर रेकॉर्डचे पाच खंड वाजवत कशाला बसलास रे? कुणी गळ घातली होती? हा प्रश्न आमच्या घरात हल्ली जेवणाच्या टेबलावर निघतो, आणि त्यावरून चक्क तट पडतात.

आम्ही टोरांटोत राहतो, त्यामुळे गूल्ड इथे जवळपास गल्लीतला माणूस. फ्रंट स्ट्रीटवर सीबीसी या कॅनडाच्या प्रसारण संस्थेच्या इमारतीसमोर बाकावर त्याचा कोट-टोपीतला पुतळा बसलेला आहे. येणारा-जाणारा त्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढतो. हयातीत हा माणूस कुणाला हात लावू देत नसे. भर उन्हाळ्यातही हातमोजे घालून फिरायचा. तो ज्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत शिकला, तिच्याच परीक्षा आज आमची कन्या देते. सध्या तिच्या हाताखाली आहे सी मेजरमधला, के. 545 या क्रमांकाचा सोनाटा. ('के.' म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक.) मोझार्टने 1788 मध्ये आपल्या वहीत त्याची नोंदच 'नवशिक्यांसाठी' अशी केली आहे. पियानो शिकणाऱ्या मुलाच्या घराजवळून तुम्ही कधी गेला असाल, तर तो तुम्ही ऐकलेला आहे.

कन्येला गूल्डचं हे रेकॉर्डिंग सापडलं आणि आठवड्याभरात तिचा डावा हात बदलला. मूळ रचनेत डावा हात काय करतो, तर 'सा प ग प, सा प ग प' असं मंद चक्र फिरवत राहतो आणि वर उजवा हात गातो. पियानोच्या बाईंनी कित्येक आठवडे घालवून हा डावा हात हलका, मागे, गालिच्यासारखा करून घेतला होता. गूल्ड तोच हात टकटक, सुटा, प्रत्येक सूर वेगळा आणि उजव्याच्या तोडीस तोड वाजवतो. सूर लांबवणारं पेडल जवळपास नाहीच. शिवाय वेग असा, की शेवटची लोकल सुटतेय. बाई शांतपणे ऐकून घेत्या झाल्या आणि मग म्हणाल्या, "हे तुला परीक्षेत वाजवायचं नाहीये." बास, एवढंच. पण संध्याकाळी मला त्यांचा लांबलचक मेसेज आला. त्याचा मथितार्थ असा, की गूल्डचा बाख (मोझार्टच्या आधीचा जर्मन संगीतकार) त्या रोज ऐकतात, पण मोझार्टच्या बाबतीत तो माणूस विद्यार्थ्यांपासून दूर ठेवावा, कपाटात, वरच्या फळीवर.

नवरा लगेच गूल्डच्या बाजूने. त्याला पियानोतलं काही कळत नाही हे तोच आधी सांगतो, पण छापलेल्या कागदाविरुद्ध कुणी गेलं की त्याला आतून बरं वाटतं. त्याच्या मताला मी फारशी किंमत देत नाही. मला खरी उत्सुकता होती बाबांची.

माझे वडील मिरजेला असतात. रेल्वेतून निवृत्त झाले, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टी मनापासून केल्या: नोकरी आणि गाणं ऐकणं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीच्या उत्सवात दर्ग्यासमोर रात्र-रात्र बसणारे जे लोक असतात ना, त्यातले ते. मोझार्ट म्हटलं की त्यांना टायटनच्या जाहिरातीची धून आठवते. (ती त्याच्या 25व्या सिंफनीतली आहे, हेही त्यांना मीच सांगितलं.) असा कोऱ्या कानाचा श्रोता घरात असताना त्याला कामाला लावायचं नाही म्हणजे काय?

मी त्यांना के. 331 पाठवला, ए मेजर. शेवटी ती प्रसिद्ध तुर्की चालीची रचना येते तो. पण मला ऐकवायचा होता पहिला भाग. एक साधी धून, 'ग मग प प, रे गरे म म', हलकी झुलणारी, आणि मग तिचे सहा विस्तार. मोझार्टने धुनेवर 'आंदान्ते ग्रात्सिओसो' लिहून ठेवलंय, म्हणजे चालत्या लयीत, नजाकतीने. पियानोवादक मित्सुको उचिदा वाजवते तेव्हा ती खरोखर पाळण्यासारखी झुलते. गूल्डने मात्र ती इतकी संथ केलीय, की पहिल्यांदा ऐकताना वाटतं इंटरनेट अडकलं. एकेक सूर वेगळा काढून टेबलावर ठेवल्यासारखा. मागे त्याचं गुणगुणणंही ऐकू येतं. ते काढून टाकणं रेकॉर्डिंगवाल्यांना कधीच जमलं नाही.

मग पुढचा प्रत्येक विस्तार आधीच्यापेक्षा थोडा जलद. इथपर्यंत एक वेळ ठीक. पण पाचव्या विस्तारावर मोझार्टने स्वच्छ 'अदाजिओ' लिहिलंय, म्हणजे संथ. बेत लय चढवत नेण्याचा ठरला असल्यामुळे गूल्ड तो अदाजिओ चौथ्यापेक्षाही जलद वाजवतो! बाईंच्या लेखी हा गुन्हा आहे. छापलेलं आहे, त्यात अर्थ लावण्यासारखं काही नाही, आणि सहाव्याच्या आधी तिथे थांबायचं असतं म्हणूनच सहावा अंगावर येतो, हे त्यांचं म्हणणं. आणि ते बिनतोड आहे.

बाबांचा फोन आला तेव्हा त्यांच्याकडे सकाळचा चहा झाला होता आणि इकडे आम्ही झोपायच्या तयारीत.

"अगं, हा विलंबित मांडतोय," ते म्हणाले. "आणि मग बढत. लय कशी वाढवत नेतो बघ. यात भांडण कसलं?"

मी त्यांना अदाजिओचं प्रकरण समजावून सांगितलं. त्यांना ते मुळीच पटलं नाही. एकदा लय चढायला लागली की मध्येच पुन्हा संथ कशाला व्हायचं, हा त्यांचा उलट सवाल. म्हणजे ज्या गोष्टीने बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, ती बाबांना अगदीच रीतसर वाटली. गूल्डला ख्याल माहीत असायचं कारण नव्हतं. त्याचा हिशेब निराळा होता. त्याने ब्रुनो मोंसेंजों या फ्रेंच दिग्दर्शकाला तो सांगितलाही आहे: वेबर्न या विसाव्या शतकातल्या संगीतकाराचं संगीत तपासावं तशी ही धून सुटी करायची, तिचा सलगपणा मुद्दाम मोडायचा, आणि मग एकेका विस्तारात ती पुन्हा जोडत जायची.

आता गंमत बघा. यातलं एक अक्षरही बाबांना मी सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांची तक्रार नेमकी तीच निघाली. "लय ठीक आहे गं, पण हा सूर लावत नाही. टिंबं टाकतो. विलंबितात सुरातून सुरात जायला नको का? हा प्रत्येक वेळी दार लावून घेतो." मी म्हटलं, पियानोत मींड नसते हो बाबा. तर म्हणाले, "मग ती जपानी बाई कशी करते?" (उचिदाही पाठवली होती.) यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पियानोवर एकदा पट्टी दाबली की सूर विरायला लागतो, तो ताणता येत नाही. पण आधीचा सूर सोडायच्या आत पुढचा घेतला की कानाला जोड जाणवतो. उचिदा ते करते. गूल्ड ठरवून करत नाही. तो वडिलांनी पाय कापून दिलेल्या बुटक्या खुर्चीवर बसायचा, जमिनीपासून जेमतेम 35 सेंटिमीटर, नाक पट्ट्यांशी, आणि बोटांनी पट्ट्या जणू खाली ओढायचा. बाखला त्याचा असा उपयोग होतो की विचारू नका.

जाता जाता: नासाने 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावर गूल्डचा बाख आहे आणि केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. हे सांगितल्यावर बाबा गूल्डशी जरा सौम्यपणे वागू लागले.

या भांडणांना परंपरा आहे. 6 एप्रिल 1962 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गूल्ड ब्राम्सचा पहिला कन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, वाजवणार होता, आणि वाजवायच्या आधी वाद्यवृंदाचा संचालक लेनर्ड बर्नस्टाइनने स्वतः प्रेक्षकांसमोर येऊन सांगितलं, की ही लय मला मान्य नाही, तरी मी साथ करतोय, कारण हा कलाकार गंभीर आहे. खुद्द संचालकच असं म्हणाला, तर श्रोत्यांनी काय करायचं! दोन वर्षांनी, एकतिसाव्या वर्षी, गूल्डने मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओत जाऊन बसला. टाळ्यांवर बंदी घाला असा लेखही त्याने त्याआधीच लिहिला होता. मला यात थोडा पळपुटेपणा दिसतो, नवऱ्याला शुद्ध बाणेदारपणा.

माझं स्वतःचं काय? तर के. 310 मला गूल्डच्या हातून ऐकवत नाही. ए मायनरमधला हा सोनाटा मोझार्टने 1778 मध्ये पॅरिसमध्ये लिहिला. त्याच उन्हाळ्यात तिथे त्याची आई वारली, म्हणून हा सोनाटा म्हणजे तिचा शोक असं सर्रास सांगितलं जातं. इतकं सरळ गणित मलाही मान्य नाही. पण पहिल्या भागावर 'माएस्तोसो' हा शब्द आहे, त्याला काहीतरी भारदस्तपणा हवा. गूल्ड तो असा सुसाट हाकतो की सुरुवातीचे डाव्या हाताचे जड ठोके शिलाई मशीनवर गेल्यासारखे वाटतात. इथे मला कल्पना दिसत नाही, चीड दिसते. कन्येला नेमका हाच भाग प्रचंड आवडतो. तिच्या मते मोझार्टचं पहिल्यांदाच कुणीतरी 'नाटक बंद केलं'.

मात्र एक गोष्ट बरेच दिवस ऐकून लक्षात आली. 1775च्या आसपासचे जे पहिले सहा सोनाटा आहेत, त्यांवरून आमच्याकडे भांडण होतच नाही. गूल्डला तेच आवडायचे. त्यांत स्वरांच्या ओळी एकमेकींपासून स्वच्छ वेगळ्या चालतात, बरोकचा, म्हणजे बाखच्या काळाचा, वास शिल्लक आहे, असं तो म्हणे. के. 284च्या शेवटच्या भागात एका धुनेचे बारा विस्तार आहेत, आणि तो ते असे खुशीत वाजवतो, की बाईसुद्धा "हे छान आहे" एवढं म्हणून गेल्या. मोझार्टच्याच काळातल्या हायडनच्या शेवटच्या सोनाटांचंही तेच. आयुष्याच्या अखेरच्या दोनेक वर्षांत त्याने ते रेकॉर्ड केले. तिथे तो तितकाच सुटा, तितकाच कोरडा आहे, आणि तरी कुणाची तक्रार नाही. मनातली अढी बोटांत उतरते, असा निष्कर्ष मी काढणार होते. पण मग के. 331चं काय? त्यावर त्याचं काही फार प्रेम होतं असं नाही, आणि सगळ्यांत जास्त डोकं त्यानं तिथेच चालवलंय. सबब माझा सिद्धांत अर्धवट पडून आहे.

गेल्या महिन्यात कन्येने वेगळाच उद्योग केला. फोनवर ऐकताना वेग कमी-जास्त करायची सोय असते, तिने के. 331ची धून दीडपट केली. सूर तेच राहतात, फक्त लय बदलते. आणि आला की आंदान्ते! मग के. 310 पाऊणपट केला. गूल्ड असता तर खूश झाला असता. श्रोत्याने घरी बसून बटणं फिरवावीत आणि आपल्याला हवं तसं संगीत करून घ्यावं, हे त्याने 1966 मध्येच लिहून ठेवलंय. ते प्रकरण आम्ही बाईंना ऐकवलं. लय आता त्यांच्या मापाची होती. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि उजव्या हाताच्या बोटाने डाव्या तळहातावर टकटक करून दाखवलं. खरंच, पाऊणपट केला तरी के. 310मधला डावा हात तसाच टोचत होता, आणि दीडपट केलेली धून चालायला लागली तरी झुलत नव्हती. म्हणजे इतके दिवस आम्ही लयीवरून भांडत होतो आणि दुखणं होतं सुटेपणाचं. मिरजेहून हे आधीच कळवण्यात आलं होतं, हे बाबांनी फोनवर आवर्जून नोंदवलं.

परीक्षा जूनमध्ये आहे. डावा हात पुन्हा हलका केलाय असं कन्या सांगते, आणि बाईही हो म्हणतात. मला स्वयंपाकघरातून तो अजून जरा मोठाच ऐकू येतो.