कढीपत्ता घरात आला

टोरांटोत सप्टेंबर अर्धा सरला की रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरायला लागतो आणि माझा जीव कढीपत्त्यात अडकतो. दिवसा अजून छान ऊन असतं, मुलं अर्ध्या बाह्यांतच शाळेत जातात, पण या झाडाला रात्रीचा गारठा सोसत नाही. काल कुंडी आत घेतली. आधी एकेक पान उलटं करून ओल्या फडक्याने पुसलं. खालच्या बाजूला, शिरेला लागून तपकिरी खवले कीड चिकटलेली असते, ती पटकन दिसत नाही. मग कडुनिंबाच्या तेलाचं पाणी फवारलं आणि कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवली. थोडी पानं गळतील, ते चालायचंच. आता पाणी मात्र बेतानेच घालायचं, नाहीतर मुळं कुजतात.

टोमॅटो काही आत आणता येत नाहीत. दंव गोठायच्या आत हिरवेच तोडून घेतले. मिरची-लसणाबरोबर तेलावर परतून, तीळ आणि दाण्याचं कूट घालून चटणी केली. भाकरीबरोबर काय लागते! पिकल्या टोमॅटोपेक्षा मला हीच जास्त आवडते.

जूनमध्ये रात्री नऊलाही उजेड असतो, आता महिनाअखेरीला सातलाच सूर्य मावळतो. पुण्याला आईला फोन केला, तर म्हणाली, "इथे ऑक्टोबर हीटची सुरुवात, पंखा पाचवर आहे, आणि तू स्वेटर काय काढतेस!"

काढलेच. धुऊन डेकवर वाळत टाकलेत. ऊन आहे तोवर रजयाही होऊन जातील.