मायणी ते मणदूर: तीन दिवसांचे पक्षिनिरीक्षण

सांगलीहून पक्षी पाहायला निघायचे म्हटले की बहुतेकांची गाडी थेट चांदोलीकडे वळते, कारण पक्षी म्हणजे जंगल अशी आपली समजूत असते. गेल्या जानेवारीत आम्ही पाच जणांनी मुद्दाम उलटी दिशा धरली. आधी विट्यावरून मायणी आणि येरळवाडीचे पाणी, मग माण-खटावचे माळ, वाटेत सागरेश्वर आणि सर्वांत शेवटी चांदोली असा क्रम ठेवला. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला म्हसवड-दहिवडीकडे तो जेमतेम पाचशेच्या आसपास उरतो. दीड दिवसाच्या प्रवासात हा सगळा उतार ओलांडता येतो आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळे पक्षी भेटतात, हेच या फेरीचे आकर्षण. तिन्ही दिवस संपल्यावर मात्र माझे मत असे झाले आहे की वेळ कमी असेल तर जंगल पुढच्या खेपेला ठेवावे, पण माळ सोडू नये.

आमच्याबरोबर खटाव तालुक्यातलेच एक मार्गदर्शक होते. ते शाळेत शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना पक्षी दाखवतात, त्यामुळे आम्ही सगळे त्यांना ‘सर’ म्हणत होतो. गाडीत बसताच त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, पक्षी दिसला की बोट दाखवून ओरडायचे नाही, समोरचा देखावा घड्याळाची तबकडी आहे असे धरून दिशा सांगायची. ‘अकरा वाजता, बाभळीचा शेंडा’ असे म्हटले की पाचही दुर्बिणी एकाच वेळी तिकडे वळतात. दुसरी अशी की, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवायचे नाही. नर पक्षी तो आवाज आपल्या हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या नराचा समजतो आणि खाणेपिणे सोडून त्याचा शोध घेत बसतो. माझ्या पुतण्याच्या मोबाईलमध्ये असे आवाज भरलेले होते. त्याचा चेहरा थोडा उतरला, पण तीन दिवसांत त्याने ते एकदाही वाजवले नाहीत.

मायणीच्या तलावावर आम्ही सकाळी साडेसातला पोहोचलो. इथे अंतराच्या हिशेबात माझी चूक झाली. सरांनी पूर्वेकडचा काठ गाठायला सांगितले होते, पण उशीर झाल्यामुळे मी जवळच्या पश्चिम काठावरच गाडी उभी करायला लावली. ऊन समोरून डोळ्यांवर येत होते आणि पाण्यावरची सगळी बदके काळ्या ठिपक्यांसारखी दिसत होती. अर्धा तास डोळे बारीक करून पाहिल्यावर निमूटपणे वळसा घालून पलीकडे गेलो. तेव्हा कुठे हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचे पिवळे टोक आणि तिच्या मुळाशी असलेले तांबडे ठिपके दिसले आणि थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच ओळखता आली. म्हणून जाणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे की पाण्यावर सकाळी पूर्व काठ आणि दुपारनंतर पश्चिम काठ, म्हणजे सूर्य नेहमी पाठीशी. काठालगतच्या पाणगवतात वारकरी, टिबुकली आणि जांभळी पाणकोंबडी होत्याच. वारकरी या पक्ष्याला हे नाव कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे मिळाले असावे, असे त्याला पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते.

येरळवाडीला पोहोचलो तेव्हा आमची सगळ्यांची इच्छा रोहित पक्षी पाहण्याची होती, आणि ते दिसले नाहीत. मागचा पावसाळा चांगला झाल्याने धरण तुडुंब भरलेले होते. भरलेला तलाव पाहून आपण खूश होतो, पण रोहित, चमच्या, शेकाट्या आणि तुतवार यांना गुडघाभर उथळ पाणी आणि उघडा चिखल लागतो आणि भरल्या तलावात तो कुठेच नसतो. पाणी ओसरत जाते तसतसे, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत, हे पक्षी काठाकाठाने वाढत जातात. तेव्हा रोहितांसाठीच येणार असाल तर तारीख ठरवण्याआधी तलावात किती पाणी आहे ते गावातल्या कुणाला तरी फोन करून विचारावे, कॅलेंडरवर विसंबू नये. उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचे पाणी खटाव-माणमध्ये येऊ लागल्यापासून तर हे गणित आणखी बदलले आहे. ज्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहिली त्याच्या रानात पाणी आले याचा आनंद कुणालाही व्हावा, आणि तरीही उथळ पाण्याची आणि कोरड्या माळाची जागा आक्रसत चालली आहे हे सुद्धा नोंदवावे लागते.

रोहितांची उणीव पट्टकादंबांनी भरून काढली. पलीकडच्या काठाशी ऐंशी-नव्वदांचा थवा बसला होता. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, पिवळी चोच, नारिंगी पाय. मंगोलिया आणि तिबेटच्या पठारांवर वीण उरकून हे राजहंसाच्या जातकुळीतले पक्षी हिमालय ओलांडून हिवाळ्यासाठी आपल्याकडे उतरतात. ते रात्री आणि पहाटे आसपासच्या हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या रानांत चरतात आणि दिवसा पाण्याशी विसावतात, त्यामुळे दहा ते चार ही एरवी रिकामी जाणारी वेळ त्यांच्यासाठी उत्तम. आम्ही बाभळीच्या आडोशाला बसून स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे तिवईवर लावलेल्या एकनळी दुर्बिणीतून, त्यांना निवांत पाहत होतो. एवढ्यात दुसऱ्या एका गटातले दोन छायाचित्रकार मोठ्या लेन्स घेऊन सरळ थव्याच्या दिशेने चालत गेले. आधी कडेच्या पक्ष्यांनी माना ताठ केल्या, मग एक आवाज झाला आणि सगळा थवा उठून धरणाच्या भिंतीपलीकडे गेला. सर काहीच बोलले नाहीत, फक्त स्कोपवर टोपण घातले. कडेच्या पक्ष्यांनी चरणे थांबवून मान वर केली की आपणही जागीच थांबायचे, ही खूण त्या दिवशी कायमची शिकलो.

संध्याकाळी दहिवडीच्या पुढे माळावर गेलो. बाहेरच्या माणसाला हा माळ ओसाड वाटतो. कुसळी गवत, मधूनच मुरमाचा उघडा तुकडा, क्वचित एखादी बोर किंवा हिवर, एवढेच. सरकारी कागदपत्रांत तर अशा जमिनीला पडीक म्हणायचीच पद्धत आहे. पण सरांनी गाडी बंद करायला लावली आणि आत बसूनच पाहायला सांगितले, कारण माळावरचे पक्षी माणूस पायी दिसला की उठतात, मात्र उभ्या गाडीकडे दुर्लक्ष करतात. पाच मिनिटे काही दिसले नाही. मग मुरमाचाच एक तुकडा धावला आणि थांबला. तो धाविक होता. तांबूस पोट, डोळ्यामागून जाणारी काळी-पांढरी रेघ, उंच पांढरे पाय, आणि थांबला की पुन्हा जमिनीत मिसळून जाणारा. एक दिसल्यावर डोळे सरावले आणि मग त्याच पट्ट्यात सहा मोजले. माळटिटवी, मुरारी आणि डोंबारी चंडोल त्यांच्या आसपास होते. डोंबारीचा नर सरळ वर चढतो आणि पंख मिटून खाली झोकून देतो, जमिनीजवळ येताच पुन्हा सावरतो. ज्याने कुणी त्याला हे नाव दिले त्याने डोंबाऱ्याचा खेळ नीट पाहिलेला असणार.

सूर्य कलल्यावर भोवत्ये येऊ लागले. मध्य आशियातून येणारे हे सडपातळ शिकारी पक्षी दिवसभर गवतावरून खाली खाली तरंगत नाकतोडे आणि लहान पक्षी टिपतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. आधी एक, मग तीन, मग चहूबाजूंनी येत येत अंधार पडेपर्यंत सतरा झाले. गवतावर दोन-चार घिरट्या घालून ते एकेक करून खाली उतरले आणि दिसेनासे झाले. त्या गवतात रात्री कुणी शिरले, कुत्री सोडली किंवा वणवा लागला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच ही जागा नेमकी कुठे आहे ते मी इथे लिहीत नाही. तिथल्या मार्गदर्शकाबरोबर गेलात तर तो ती रस्त्यावरून दाखवील.

दुसऱ्या दिवशी सकाळी पखुर्डी या माळावरच्या पक्ष्यांसाठी एका लहान पाझर तलावाशी बसलो. सूर्योदयाला जाण्याची गरज नसते. दाणे टिपून झाल्यावर, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान त्या पाण्यावर येतात. आमच्याकडे पावणेनऊला आल्या. आधी दुरून कुजबुजल्यासारखा आवाज, मग वेगात येणारी बावीस जणांची झुंड, दोन-तीन घोट पाणी आणि लगेच उड्डाण. सगळे मिळून दीड मिनिटही झाले नाही. पिले असताना नर पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि ते पाणी पिलांना नेऊन पाजतो. आमच्या समोर ते घडले नाही. परतताना शाळूच्या रानात मचाणावर एक आजी गोफण घेऊन बसल्या होत्या आणि वर भोरड्यांचा मोठा थवा वळणे घेत होता. वहिनींनी कौतुकाने ‘किती छान’ म्हटले. त्यावर आजी म्हणाल्या, ‘तुमास्नी छान हाय बाई, माजं कणीस चाललंय.’ वहिनी हसल्या, पण पुढे बराच वेळ गप्प होत्या. आजींनी आम्हाला हुरड्याला थांबवून घेतले.

सागरेश्वरला फार वेळ दिला नाही. उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकारातून झाडे लावून, कुंपण घालून उभे राहिलेले हे अभयारण्य म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे, पण दुपारी दोन वाजता कुठल्याही झुडपी रानात पक्षी दडून बसतात. मोर, चितळ आणि स्वर्गीय नर्तकाची एक तांबूस मादी पाहून आम्ही ताकारी, पेठ नाका आणि शिराळा असे करीत मुक्कामाला मणदूरजवळ पोहोचलो. सागरेश्वरला यायचे असेल तर सकाळीच यावे.

चांदोलीत प्रवेशासाठी वन खात्याची परवानगी, ओळखपत्र आणि स्थानिक वाटाड्या लागतो. पावसाळ्यात उद्यान बंद असते आणि एरवीही सुट्टीचा वार कोणता ते आधी विचारून घ्यावे. फाटक उघडताच आत शिरणारी पहिली गाडी आपली असावी, कारण धूळ उडाली की रस्त्याकडेचे पक्षी आत सरकतात. उद्यानातली जुनी गावे उठून गेल्यावर त्यांच्या भाताच्या खाचरांत गवत माजले आहे आणि घरांच्या जोत्यांशी आंबे-फणस उभे आहेत. रान आणि गवताच्या या कडेलाच सर्वाधिक हालचाल असते, दाट झाडीच्या पोटात नव्हे. तिथे राखी रानकोंबडा रस्ता ओलांडताना दिसला आणि मलबारी राखी धनेशाचे खदाखदा हसणे दोनदा ऐकू आले. धनेश स्वतः मात्र तिसऱ्या खेपेला, तेही अर्धाच, उंबराच्या पानांआडून दिसला.

जंगलात पक्षी पाहण्यापेक्षा ऐकायचे असतात, हे माळावरून आलेल्या माणसाला जड जाते. पाऊण तास आम्हाला एकही पक्षी धड दिसला नाही आणि पुतण्या कंटाळून बाटलीचे झाकण उघडझाक करू लागला. वाटाड्याने हात वर केला. भृंगराज पक्ष्याची शीळ जवळ आली होती. पुढच्या पाच मिनिटांत एकाच झाडावर निखार, सुभग, पर्णपक्षी, मखमली शिलींध्री, पिवळा बुलबुल आणि वटवटे असे सगळे एकामागून एक झरझर पुढे सरकत गेले. कीटक टिपत फिरणारा हा मिश्र थवा असतो. एकाने उडवलेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि अनेक डोळे शिकाऱ्यावर लक्ष ठेवतात. अशा थव्यामागे धावू नये. तो कुठल्या दिशेने चालला आहे ते पाहून थोडे पुढे जाऊन उभे राहिले तर तो आपल्या डोक्यावरून जातो. कॅमेरा त्या वेळी हाताळणे मला तरी जमले नाही, ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीणच कामी आली. याहून जास्त मोठे करून दाखवणारी दुर्बीण जंगलात घेऊ नये, कारण हात हलला की चित्रही हलते आणि कमी उजेडात पक्षी सापडत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे उरलेसुरले. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत. आमच्यातल्या एकाचे भगवे जाकीट पहिल्याच दिवशी गाडीत ठेवावे लागले. माळावर पहाटे चांगलीच थंडी असते आणि अकराला टोपीशिवाय उभे राहवत नाही. चांदोलीत मोबाईलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून पैसे रोख ठेवावेत आणि इंधन शिराळ्यालाच भरून घ्यावे. मार्गदर्शकाचे मानधन आधी ठरवून घ्यावे आणि माळासाठी व जंगलासाठी वेगवेगळे माणूस घ्यावेत, कारण आमच्या सरांनीच चांदोलीत येताच सांगून टाकले की ‘इथे मी तुमच्यासारखाच पाहुणा.’

शिराळ्यात चहाला थांबलो तेव्हा पुतण्याने वही काढून जातींची बेरीज केली. ती ११९ भरली. एका भोवत्याच्या मादीवरून मात्र वाद राहिला. माँटेग्यूची आणि पांढुरक्या भोवत्याची मादी दुरून सारखीच दिसते आणि आम्ही पाहिली तेव्हा उजेडही गेला होता. ती १२०वी जात धरावी असे पुतण्याचे म्हणणे होते. सरांना फोन लावला, त्यांनी मानेवरचा पट्टा पाहिला होता का असे विचारले, आणि कुणीच पाहिला नव्हता. वहीत ‘भोवत्या, मादी, जात अनिश्चित’ एवढेच लिहिले आणि बेरीज ११९च ठेवली.