अराशी शिबोरी: पाइपवर पडणाऱ्या तिरक्या रेघा

बोहो काफ्तानवर दिसणाऱ्या तिरक्या, तुटक निळ्या रेघा बऱ्याचदा चक्क छापील असतात. खऱ्या अराशी शिबोरीत, म्हणजे कापड खांबावर गुंडाळून, दोऱ्याने आवळून रंगवण्याच्या जपानी पद्धतीत, दोन रेघा सारख्या येत नाहीत. नागोयाजवळच्या आरिमात्सुमध्ये हे काम लांब लाकडी खांबावर व्हायचं. घरी १० सेंटीमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप चालतो.

कापड सुती किंवा रेयॉनचं घ्या; पॉलिस्टर नीळ (इंडिगो रंग) धरत नाही. आधी गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, नाहीतर डाग पडतात. पाइपवर ४५ अंशांत तिरकं गुंडाळा, साधारण १ सेंटीमीटर अंतराने मजबूत दोरा आवळत जा आणि दर ८-१० वेढ्यांनंतर कापड खाली दाबून चुण्या पाडा. सगळा खेळ या दाबण्यात आहे. सैल राहिलं की रंग आत शिरतो आणि रेघांऐवजी नुसता निळा धब्बा उरतो.

पाण्यात भिजवून मग निळीच्या पिंपात २-३ मिनिटं बुडवा. अगदी हळू! बुडबुडे आत गेले तर ऑक्सिजनमुळे नीळ पिंपातच वाया जाते. बाहेर काढलेलं हिरवट कापड हवेत १५ मिनिटांत निळं होतं. गडद रंगासाठी हेच तीन-चारदा करा. दोरा सोडण्याआधी नीट खळबळून घ्या, नाहीतर सुटी नीळ पांढऱ्या रेघांवर चढते.