आईच्या रडण्याचे माप

ऑस्ट्रेलियातील अझारिया चेंबरलेन प्रकरणातील निकाल आज सविस्तर वाचले आणि दिवसभर दुसरे काही सुचले नाही. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरू या तिथल्या प्रचंड खडकाजवळच्या तंबूतून अझारिया हे नऊ आठवड्यांचे बाळ नाहीसे झाले. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, बाळाला नेल्याचे आई लिंडी पहिल्यापासून सांगत होती, परंतु कॅमेऱ्यासमोर ती पुरेशी रडली नाही (हे माप कोणी ठरवले?), म्हणून खटल्यापूर्वीच अनेकांनी तिला बाळाच्या खुनासाठी दोषी ठरवले. मोटारीत बाळाचे रक्त म्हणून दाखवलेला फवारा आवाजरोधक रसायनाचा निघाला, तोवर तिने जन्मठेपेची तीनहून अधिक वर्षे भोगली होती. १९८६ मध्ये बाळाचे जाकीट सापडल्यावर ती सुटली, १९८८ मध्ये निर्दोष ठरली. डिंगोवर अधिकृत शिक्कामोर्तब मात्र २०१२ मध्ये झाले.