फळ्यावरचं 'एकच'

२०२३ची दिवाळी नुकतीच झाली होती. मराठवाड्यातल्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवतो. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीला झालेल्या उपोषणानंतर वर्गात पोरांची बसायची पद्धतच बदलली होती. खिडकीकडची रांग मराठा पोरांची, दाराकडची ओबीसींची. कुणी सांगितलं नव्हतं, आपसूकच.

त्या दिवशी विल्यम जेम्स हा अमेरिकी तत्त्वज्ञ शिकवायचा होता. (याच परंपरेतल्या जॉन ड्यूईकडे बाबासाहेब कोलंबियात शिकले, हे मी दरवर्षी आधीच सांगून टाकतो. पोरं सावरून बसतात.) जेम्सची खारीची गोष्ट सांगितली. खार झाडाच्या खोडाला चिकटलेली. तिला बघायला माणूस झाडाला फेरी मारतोय, आणि तीही तेवढ्याच वेगाने खोडाआड सरकतेय. मग माणूस खारीभोवती फिरला की नाही? जेम्स म्हणतो, 'भोवती' म्हणजे काय ते आधी सांगा. तिच्या उत्तरेकडून पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला असा गेला म्हणत असाल, तर फिरला. तिच्या पोटासमोरून कुशीला, मग पाठीमागे असं म्हणत असाल, तर नाही. तिचं पोट कायम त्याच्याकडेच होतं. मिटला वाद.

पोरं हसली. मला चेव आला. फळ्यावर लिहिलं, 'मराठा आणि कुणबी एकच.' म्हटलं, हे खरं धरलं तर उद्या सकाळी काय बदलेल, तेवढंच सांगा.

खिडकीकडून उत्तर आलं, "कुणबी म्हणजे शेती करणारा. आमच्यात सगळे तेच करतात." मी 'एकच'खाली १ लिहिला. दाराकडून एक मुलगी उठली. विदर्भातली, कुणबी. "एकच आहोत तर सोयरीक का होत नाही? माझ्या मावसबहिणीचं स्थळ 'तुम्ही कुणबी' म्हणून परत गेलं." कुणी हसलं नाही. २. मागून कुणीतरी म्हणालं, "दाखल्यावर काय लिहिलंय ते बघा, बाकी सोडा. कुणबी ओबीसीत येतात. राज्याच्या नोकऱ्यांत ओबीसींना १९ टक्के. त्यात वाटेकरी वाढणार की नाही?" ३.

तीन अर्थ वेगळे झाले, आवाजही खाली आले. मी हात झटकले. "म्हणजे बघा, शेतीवरून तुमचं भांडण नाही. सोयरिकीवरून मोर्चे निघत नाहीत. भांडण आहे ते फक्त जागांचं."

"फक्त?"

शेवटच्या बाकावरचा पोरगा. बापाची दोन एकर, त्यात सोयाबीन. एरवी वर्गात तोंड न उघडणारा. पुढे काही बोललाच नाही तो, आणि दोन्ही रांगांतून कुणी त्याला हसलंही नाही.

चूक माझी होती. काहीच फरक पडत नसेल तर वाद फोल, असं जेम्स म्हणतो. हा वाद शब्दांचाच निघेल या आशेवर मी तास काढत होतो, आणि फळ्यावर निघाला होता तो धडधडीत फरक. खारीच्या गोष्टीत कुणाचंच काही जात नाही. इथे एकाला जागा मिळाली की दुसऱ्याची जाते. ते मी 'फक्त'मध्ये गुंडाळून टाकलं होतं.

तास संपल्यावर तो पोरगा टेबलापाशी आला. मराठ्यांच्या जुन्या कागदांत 'कुणबी' अशा नोंदी शोधायचं सरकारी शिंदे समितीचं काम तेव्हा जोरात होतं. त्याने मोबाइल पुढे केला. पिवळ्या पडलेल्या कागदाचा फोटो, मोडी अक्षरं. बोटांनी मोठा करत म्हणाला, "सर, एवढा एकच शब्द बघा ना. 'कु' आहे का हा?"

मला मोडी येत नाही. मी चष्मा वर केला, खाली केला. ती विदर्भातली मुलगी दाराशी थांबली होती. दप्तर खांद्याला तसंच ठेवून परत आत आली आणि स्क्रीनवर वाकली.