तुम्ही विचारलंत म्हणून : जुनं अमेरिकन लोकसंगीत कुठून ऐकावं?

'ब्लूज आणि जुनी अमेरिकन लोकगीतं ऐकायचीत, सुरुवात कुठून करू?' असं मला नेहमी विचारलं जातं. माझं उत्तर ठरलेलं आहे : 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक'. १९५२ साली फोकवेज या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने काढलेला सहा एलपींचा संच, ८४ ध्वनिमुद्रणं.

ती निवडली हॅरी स्मिथने. प्रायोगिक चित्रपट करणारा, तिशीही न गाठलेला माणूस. पैशांची चणचण होती म्हणून आपल्या जुन्या तबकड्या विकायला तो फोकवेजच्या मोझेस अ‍ॅश यांच्याकडे गेला, आणि अ‍ॅश यांनी त्यालाच त्यांतून संच करायला सांगितलं. स्मिथने चौकट आखली १९२७ ते १९३२ अशी : विजेवरच्या ध्वनिमुद्रणाने आवाज नीट उतरू लागला तिथपासून, महामंदीने तबकड्यांचा खप थांबवला तिथपर्यंत.

या तबकड्या मुळात बाजारात आल्या तेव्हा कंपन्या काळ्या गायकांची यादी वेगळी छापत आणि डोंगराळ भागातल्या गोऱ्यांची वेगळी. स्मिथने ही भिंत पाडली. कोण काळा, कोण गोरा, हे त्याने माहितीपुस्तिकेत कुठेच लिहिलं नाही. संचातल्या मिसिसिपी जॉन हर्ट या काळ्या गायकाचा मऊ आवाज आणि बोटांनी छेडलेली गिटार ऐकून कित्येकांना तो गोरा वाटला. १९२८च्या ध्वनिमुद्रणांनंतर हर्ट शेतीकडे परतला होता. १९६३ साली त्याला ॲव्हलॉन गावात शोधून काढलं आणि त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला. मला या संचातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच : आधी कान, मग बाकी सगळं.

दुसरं मोल क्रमाचं. पहिल्या भागातली कथागीतं ब्रिटनमधून आलेल्या जुन्या गाण्यांपासून निघतात, राष्ट्राध्यक्षांचे खून, टायटॅनिक असं करत कापसाच्या किडीपर्यंत आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यापर्यंत येतात. प्रत्येक कथागीताचा सारांश स्मिथने बातमीच्या मथळ्यासारखा दिलाय. बेडूक-उंदराच्या लग्नाच्या गीताच्या मथळ्यात तर नातेवाइकांची संमतीही नोंदवली आहे!

म्हणून सुटी गाणी उचलू नका, शफलही नको. खरखर पहिल्या दोन-तीन गाण्यांत खटकेल, मग कान सरावतात. एका बैठकीला एकच भाग घ्या. तेवढाही वेळ नसेल, तर हर्टचं 'फ्रँकी' लावा.